गॅलरीसमोरचा गतिरोधक

३ फेब्रुवारी

प्रिय पट्टीसाहेब,

अनेक आशीर्वाद. साहेब म्हटलं म्हणून फुगू नकोस, काम आहे म्हणून म्हटलं. फोनच करणार होते, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि तुझे भाऊजी नेमके तिथेच पेपर वाचत बसलेले. त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही.

परवा टिकली शाळेतून येताना रस्ता ओलांडत होती. एक मोटारसायकलवाला इतका जवळून गेला की तिचं दप्तर त्याच्या हँडलला अडकलं आणि ती गिरकी घेऊन फुटपाथवर पडली. गुडघा फुटला, बाकी काही नाही. पण मी वरून गॅलरीतून पाहिलं आणि जिना कसा उतरले मला आठवत नाही. आमचा रस्ता तू पाहिला आहेस. सरळसोट, दोन्ही बाजूंना घरं, आणि गाड्या अशा धावतात की जणू मागे कुत्रं लागलंय.

आता तुझ्या कामाचं. इस्त्रीवाल्याच्या दुकानात यावरच चर्चा चालली होती. शिंपीणकाकू म्हणाल्या, "अर्ज करा, पाच वर्षांनी स्पीडब्रेकर येईल." माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाऊ रस्ते खात्यात इंजिनिअर आहे. एका पत्रात आणते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता तूच सांग, शब्द मागे कसा घेऊ?

तर एक स्पीडब्रेकर पाठव. आमच्या दारासमोर. भाऊजींना यातलं काही बोललेले नाही. ते बस चालवतात, त्यांना स्पीडब्रेकरचं नाव काढलं तरी कंबर दुखते.

तुझी
ताई

११ फेब्रुवारी

सौ. ताईस नमस्कार.

टिकलीच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. तिला सांग, मामा आला की मोठी पट्टी बांधून देईल. पण गतिरोधक म्हणजे काय पार्सल आहे का, पाठव म्हणायला?

तुमच्या रस्त्यावरून बस जाते. भाऊजींचीच जाते. आणि बसच्या मार्गावर गतिरोधक घालायचे नियम वेगळे आहेत. हे मी तुला ठामपणे सांगू शकतो कारण ते नियम मीच लिहिलेत. गेल्या वर्षी ती पुस्तिका छापून सगळ्या कचेऱ्यांत गेली. पहिल्या पानावर माझं नाव आहे, तुला पाठवली होती. तू बहुधा त्यावर कढई ठेवत असशील.

थोडक्यात सांगतो. गल्लीत घालतात तसला उंच, गोल पाठीचा उंचवटा बसच्या वाटेवर चालत नाही. बुटका हवा, चढ लांब हवा, माथा सपाट हवा. नाहीतर मागची चाकं चढली की बसचं शेपूट उसळतं आणि मागच्या बाकावरचा माणूस छताकडे जातो. डेपोची लेखी संमती आधी. त्या मार्गावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला आधी कळवायचं. आणि फलक लागल्याशिवाय, पांढरे पट्टे मारल्याशिवाय रस्ता खुला करायचा नाही. डेपोवाले संमतीला सहा महिने लावतात, ते सोड.

तू रीतसर अर्ज कर. मी इकडून लक्ष ठेवतो. इस्त्रीवाल्याच्या दुकानात फुशारक्या मारायच्या आधी मला विचारत जा.

तुझा
पट्टी

१६ फेब्रुवारी

प्रिय पट्टी,

तुझे नियम तुला लखलाभ. पुस्तिका जपून ठेवली आहे, कढई वेगळ्या कागदावर ठेवते.

लहानपणी तू घरातल्या खुर्च्या, चपला, मांजराची शेपटी, सगळं पट्टीने मोजत फिरायचास. पण त्या पट्टीने मी तुला कधी मारलं नाही, हे लक्षात ठेव. शाळेत जाताना तू रस्ता ओलांडायला घाबरायचास, तेव्हा तुझा हात धरून कोण न्यायचं? मी डेपोची संमती मागत बसले होते का?

काल पुन्हा एक ट्रक तसाच गेला. टिकलीला आता मी दोन्ही वेळा सोडायला-आणायला जाते. शिंपीणकाकू भेटल्या की म्हणतात, "काय हो, भावाचं उत्तर आलं का?" आणि हसतात. मी दुसऱ्या रस्त्याने भाजीला जायला लागले आहे.

बघ, जमलं तर. नाही जमलं तर काही म्हणणार नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

सौ. ताईस नमस्कार.

"काही म्हणणार नाही" हे तुझं वाक्य मला लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर तू आठवडाभर बोलायची नाहीस.

ठीक आहे. तुमच्या शेजारच्या वस्तीत आमचं डांबराचं काम चालू आहे. तिथल्या मुकादमाला चिठ्ठी देऊन सांगितलंय, उरलेल्या मालात तुमच्या दारासमोर एक गतिरोधक घालून टाक. येत्या आठवड्यात होईल. डेपोला पत्र मी नंतर पाठवतो, मागची तारीख घालून घेऊ. फलक आणि रंग त्याच्या पुढच्या आठवड्यात. ताज्या डांबरावर रंग धरत नाही.

खरं सांगू? सही करताना बरं वाटलं. खुर्चीचा आपल्या माणसाला कधीतरी उपयोग व्हावा ना. शिंपीणकाकूंना आता तूच रस्त्यात गाठ आणि हस.

एक मात्र कर. भाऊजींना आधी सांगून ठेव. पट्टे नसताना तो सहज दिसायचा नाही. विसरू नकोस.

तुझा
पट्टी

५ मार्च

प्रिय पट्टी,

झाला! काल दिवसभर त्या माणसांनी काम केलं आणि आज सकाळी बघते तर रस्त्याने अशी टुमदार पाठ काढलेली. मोटारसायकलवाले येतात, चरफडतात आणि हळू होतात. इस्त्रीवाल्याने मला बसायला स्टूल दिलं. शिंपीणकाकू म्हणाल्या, "तुमचा भाऊ म्हणजे भाऊ आहे हो." सगळ्या गल्लीत त्याला आता "ताईंचा स्पीडब्रेकर" म्हणतात. इतका मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

भाऊजींना सांगितलेलं नाही. रागावू नकोस, ऐक. नव्या गाड्या शिकवायला डेपोने त्यांना आठ दिवस बाहेरगावी नेलंय. आज परत येतात आणि घरी न येता थेट संध्याकाळच्या फेरीवर चढतात. घरासमोरून जाताना ते रोज दोनदा हळूच हॉर्न वाजवतात, मला ऐकू यावा म्हणून. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते. आज मी गॅलरीत उभी राहणार आहे, केस नीट विंचरून. गाडी स्पीडब्रेकरपाशी हळू होईल, ते वर बघतील आणि मी खाली बोट दाखवीन, की बघा, हा मी आणलाय!

त्यांचं तोंड कसं होतं ते उद्या लिहिते.

तुझी मानकरीण
ताई

२२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं नाही. मला वाटलं, कौतुकात विसरलीस. दोनदा फोन केला. एकदा टिकलीने उचलला आणि "आई झोपलीये" म्हणाली, दुपारच्या बाराला.

काल डेपोकडून खात्याला आलेलं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं गेलं. त्यात तुमच्या रस्त्याचं नाव आहे. पाच तारखेची संध्याकाळ. मागच्या बाकावरची एक प्रवासी जखमी. चालक निलंबित. चालकाचं नाव मी तीन वेळा वाचलं.

तू त्यांना सांगितलं होतंस ना? एवढंच कळव.

पट्टी

२८ मार्च

पट्टी,

नाही सांगितलं.

फोनवर बोलता येत नाही. हे दिवसभर घरी असतात. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, पंखे पुसून झाले, आता टिकलीच्या पेन्सिलींना टोकं काढत बसतात. त्यांचा युनिफॉर्म मी धुऊन दोरीवर टाकला तर म्हणाले, "तो कशाला धुतेस आता?"

मी गॅलरीत उभी होते. दिवेलागण होत आली होती. गाडी आली, रोजच्याच वेगाने. अरे, त्यांच्या वेगाची मला इतक्या वर्षांची सवय आहे, आवाजावरून सांगते मी. जास्त नव्हता. हॉर्न वाजला. मी हात हलवला. त्या वेळी मी तिथे कधी नसते. त्यांनी वर पाहिलं. पट्टी, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. आणि तेवढ्यात पुढची चाकं चढली.

मागचा भाग इतका उसळला की आतले दिवे हललेले मला वरून दिसले. मग ओरडणं. मागच्या बाकावर बालवाडीच्या बाई होत्या, ज्यांच्याकडे टिकली शिकली. त्या वर गेल्या आणि परत बाकावर आपटल्या. मणक्याला चीर गेली आहे. सपाट झोपवून ठेवलंय, उशीसुद्धा नाही.

डेपोत ह्यांनी जबाब दिला की वेग थोडा जास्त होता. का दिला? मला वाटतं, घाबरून दिला. आता चौकशी बसणार आणि जबाब तोच राहिला तर नोकरी जाईल. गाडी चालवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही, आणि करायचंही नाही.

रात्री जेवताना मी विचारलं, "तुम्ही मला पाहिलं होतंत का?" म्हणाले, "तू होतीस का तिथे?" त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मी त्यांना भाजी वाढली. वर पाहिल्याचं मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. आणि स्पीडब्रेकर कोणी आणला ते त्यांना अजून ठाऊक नाही. ते घरातून बाहेर पडत नाहीत आणि मी कोणाला घरात येऊ देत नाही. शिंपीणकाकूंना तर मी दारातूनच परत पाठवते.

डेपो तुमच्या खात्याला विचारील ना, की स्पीडब्रेकर नियमाप्रमाणे होता का? खरं काय ते लिही. तेवढ्याने ते सुटतील.

ताई

६ एप्रिल

सौ. ताईस नमस्कार.

वाचून झोप लागली नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस. अशा गोष्टी होतात.

डेपोला उत्तर गेलं आहे. मोठ्या साहेबांनी वाचून सही केली. तांत्रिक भाषेत आहे, मोघम आहे, कोणालाच धरून नाही. भाऊजींचं त्यात काही नुकसान नाही. मी इकडे एक-दोघांशी बोलतो आहे, प्रकरण थंडावलं की त्यांना परत घेतील. बाईंच्या औषधपाण्याचं काही लागलं तर मला कळव, लाजू नकोस.

नवा पट्टेरी रंग आणि फलक लागले का? तातडीने लावायला सांगितले होते.

तुझा
पट्टी

१९ एप्रिल

पट्टी,

रंग लागला. फलकही लागला. इतका मोठा फलक की माझ्या स्वयंपाकघरातूनही दिसतो.

तुझं मोघम उत्तरही पाहिलं. डेपोने त्याची प्रत ह्यांना घरी पाठवली. हे खुर्चीत बसून मोठ्याने वाचत होते आणि मी कणीक मळत होते. "सदर गतिरोधक प्रचलित नियमांस अनुसरून असून चालकाने योग्य वेग राखला असता तर प्रसंग टळला असता." खाली मोठ्या साहेबांची सही, आणि कोपऱ्यात तुझी छोटी सही, ती उलट्या सातासारखी. ती सही तू सहावीत असताना माझ्या वहीवर शिकलास. ह्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बरोबरच लिहिलंय साहेबांनी." आणि परत पेन्सिल घेतली.

कोणालाच धरून नाही म्हणालास. माझ्या नवऱ्याला धरूनच आहे ना रे ते?

मी तुला दोष देते आणि मला स्वतःचीच किळस येते. बाईंना भेटायला गेले होते. त्या छताकडे बघत बोलतात, मान वळवता येत नाही. मला म्हणाल्या, "नवऱ्याला सांग तुझ्या, माणसं नेत होतास की पोती?" तिथे सांगायला हवं होतं, की बाई, तो उंचवटा माझ्या हौसेचा आहे. तोंडापर्यंत आलं. पण मी म्हटलं, "हो बाई, सांगते." नवऱ्यावरचं बोलणं मी खाली मान घालून घेतलं आणि सुटल्यासारखी तिथून निघाले. रस्त्यात रडूही आलं नाही. इतकी लाज वाटली की रडायचाही हक्क वाटेना.

मग परवा डेपोत गेले. चौकशी करणाऱ्या साहेबांना म्हटलं, मी गॅलरीतून पाहिलंय, वेग रोजचाच होता. हे बाकावर बसलेले होते, मला बघून उठून उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "तुम्ही रोज उभ्या असता का तिथे?" मी म्हटलं, "हो, रोज." आणि ह्यांनी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "बाई, नवऱ्याच्या बाजूने बायको बोलणारच. खात्याने लेखी दिलंय, गतिरोधक नियमात आहे. आता मी काय करू?"

म्हणजे माझं सांगून उपयोग नाही. तुझं सांगून आहे. सतरा तारखेला, पुढच्या महिन्यात, शेवटची सुनावणी. त्या दिवशी त्यांची नोकरी राहते की जाते ते ठरेल.

लहानपणी हात धरून रस्ता ओलांडून दिला, ते मी तुला ऐकवलं होतं. ते मी मागे घेते. त्याचा मोबदला म्हणून काही करू नकोस. पण ये.

ताई

१७ मे

ताई,

मी येऊन गेलो. तुझ्या घराखाली उभा होतो आणि जिना चढायची हिंमत झाली नाही. परतीच्या गाडीत बसून हे लिहितो आहे, अक्षर हलतंय.

सुनावणीच्या आदल्या दिवशीच आलो होतो. पहिल्यांदा त्या उंचवट्यावर पट्टी लावली. भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध बसून. इस्त्रीवाला बघत होता. मुकादमाने गल्लीतला साचा वापरलाय, उंच, तोकडा, गोल पाठीचा. मी त्याला कसला घाल हे सांगितलंच नव्हतं. "एक घालून टाक" म्हणालो होतो, बाजारातून एक जुडी आण म्हणावं तसं. आणि मग तो न बघता, न मोजता, "नियमांस अनुसरून" असं लिहून दिलं. मोठ्या साहेबांनी काही सांगितलं नव्हतं, ताई. मसुदा माझाच होता. त्यांनी फक्त विश्वासाने सही केली. भाऊजींचं नाव पुढ्यात असताना मी ते वाक्य लिहिलं. चालकाने वेग राखला असता तर. आधी "कदाचित" लिहिलं होतं. वाक्य जोरदार व्हावं म्हणून ते खोडलं.

मग मी बसमध्ये बसलो. मागच्या बाकावर, बाईंच्या जागी. ड्रायव्हर नवखा पोरगा होता, आता पट्टे आहेत, फलक आहे, तरी त्याने ब्रेक मारून, सावकाश नेली. आणि तरी मी बाकावरून उचलला गेलो आणि कंबरेवर आपटलो. मी हे पुस्तिकेत लिहिलं होतं की असं होतं. चांगल्या भाषेत लिहिलं होतं. होतं कसं ते मला काल कळलं.

आज डेपोत सगळं सांगितलं. संमती घेतली नाही, ड्रायव्हरांना कळवलं नाही, माप चुकीचं, फलक नाही, पट्टे नाहीत, आणि खात्याने दिलेलं उत्तर खोटं, ते मी लिहिलं. साहेबांनी विचारलं, "इतकी घाई कशासाठी केलीत?" मी म्हटलं, "माझ्या ओळखीतल्या माणसाला खूश करायचं होतं." तुझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नको, मला कळत नाही.

भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर आलो तेव्हा माझा एक हात कंबरेवर होता. मी तोंड कुठे लपवू असा विचार करत होतो. ते सरकले, मला जागा करून दिली आणि म्हणाले, "पाठीला लागलं का हो?" एवढंच. मी बसलो नाही. "गाडीची वेळ झाली" म्हणालो आणि पळालो. त्या माणसाच्या शेजारी बसायची लाज वाटली मला.

आता माझी खात्यात चौकशी लागेल. कोठारात बदली होईल असं ऐकतो, दिवे आणि फलक मोजायला. पुस्तिकेवरून नाव काढतील. काढावंच. नियम चांगले आहेत, ते तसेच राहू देत म्हणजे झालं.

तुला मी काही मागणार नाही. रागव, बोलू नकोस, पण टिकलीला मामा वाईट आहे असं सांगू नकोस.

पट्टी

७ सप्टेंबर

प्रिय मेव्हणे,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. डेपोत रजेचा अर्ज सोडून मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

तुम्ही तुमच्या ताईच्या पत्रांना उत्तर देत नाही असं कळलं. ती लिहिते, रोज खाली येऊन टपालाची पेटी बघते आणि मला म्हणते, वीजबिल आलं का बघत होते. वीजबिल महिन्यातून एकदा येतं. म्हणून मी लिहितो आहे. तिला सांगितलेलं नाही.

मला जूनमध्येच कामावर घेतलं. तीच फेरी आहे. तुमच्या माणसांनी तो जुना उंचवटा खणून काढला आणि तुमच्या पुस्तिकेतला बसवला, बुटका, लांब चढाचा. गाडी अशी अलगद जाते की कंडक्टरची नाणीसुद्धा वाजत नाहीत. सगळे ड्रायव्हर नावाजतात. मी सांगतो, माझ्या मेव्हण्याने लिहिलेल्या मापाचा आहे.

आता जे सांगायचं ते. तुम्हा दोघांना वाटतं की मला काही ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी बाईंना खाली उतरवताना इस्त्रीवाला मदतीला आला होता. तो म्हणाला, "अहो, हा तर तुमच्या घरच्यांनी भावाकडून आणवलेला." म्हणजे घरी जायच्या आधीच मला कळलं होतं. ही मात्र महिनाभर शिंपीणकाकूंना दारातून परत पाठवत होती. मी आतून ऐकत होतो.

जबाब देताना मला तीनच गोष्टी सांगता आल्या असत्या. उंचवटा चुकीचा होता, म्हणजे तुमचं नाव. मी वर बघत होतो, म्हणजे हिचं नाव. तिसरी, वेग. वेग माझा एकट्याचा होता, म्हणून तो सांगितला. तुमचा कागद आला तेव्हा वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तुम्ही येऊन तोंडाने सांगितलंत, भर डेपोत. मला ते जमलं नसतं.

तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंत आणि कागदावर मी निर्दोष झालो. पण मी रस्ता सोडून वर पाहिलं होतं. पट्टे नव्हते हे खरं, माप चुकलं हेही खरं, तरी डोळे माझे होते आणि मागे बाई होत्या. ती लाज तुमच्या कागदाने जायची नाही आणि जाऊही नये. दर रविवारी बाईंकडे जातो. त्यांना सगळं सांगितलं, वर पाहिल्याचंसुद्धा. त्यांनी छताकडे बघत सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बायकोकडेच बघत होतास ना? मग पंखा जरा वाढव." आता त्या काठी घेऊन दारापर्यंत येतात. मला अजून पोतीवाला म्हणतात.

हिला मात्र मी तेव्हा सांगितलं की तुला पाहिलंच नाही. तिने विश्वास ठेवला. मी वर पाहिलं होतं हे तिला कधी कळता कामा नये, नाहीतर जन्मभर स्वतःला खात बसेल. एवढं पोटात ठेवा.

आणि एक काम आहे, त्यासाठीच खरं तर लिहितो आहे. संध्याकाळच्या फेरीला मी अजून दोनदा हॉर्न वाजवतो. नव्या उंचवट्यावर गाडी इतकी सावकाश होते की वर बघायला वेळ मिळतो. पण गॅलरीत कोणी नसतं. त्या वेळेला ही मागच्या खोलीत जाऊन बसते, टिकलीने सांगितलं. दोरीवर माझाच युनिफॉर्म वाळत असतो, त्याच्याकडे बघून मी पुढे जातो.

मी तिला उभी राहा म्हणू शकत नाही. म्हटलं तर सगळंच बाहेर येईल. तुम्ही या. कोठारातून एक दिवस सुट्टी मिळत असेलच. या वेळी जिना चढून वर या, आणि संध्याकाळी कसलंतरी निमित्त काढून तिला गॅलरीत न्या, हाताला धरून न्यावं लागलं तरी न्या.

काळजी करू नका. मी आधी रस्ता बघेन, मग वर.

तुमचा
भाऊजी